स्पीकरची वायर जाड घेतली तर आवाज वाढतो का? वेशीवरचा कर्णा फारच बारीक वाजायलाय

वेशीवरचा | रविवार, रात्री ९:१२

राम कृष्ण हरी मंडळी. इथं नवीन आहे, काही चुकलं तर सांगा. गाव गंगाखेड तालुक्यात. आमच्या मारुतीच्या देवळात चैत्रात सप्ताह असतो, हनुमान जयंतीला काल्याचं कीर्तन. देवळात १६० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, शिखरावर दोन कर्णे आणि वेशीवर दोन कर्णे, वेशीपर्यंत वायर ९० मीटर भरती. चारही युनिटं (कर्ण्याच्या बुडाशी आवाज काढणारा डबा असतो तो) १६ ओहमची, सगळी पॅरलल जोडून ४ ओहमच्या टर्मिनलला लावलेली.

तर देवळावरचे कर्णे कान फाडतेत आणि वेशीवरचे असे वाजतेत की जसं कुणी घागरीत तोंड घालून बोलायलंय. आवाज वाढवला की देवळातले म्हातारे ओरडतेत, कमी केला की वेशीकडच्या बाया म्हनतेत महाराज काय बोलले ते कळलंच नाही. युनिटं अदलून बदलून पाह्यली, देवळावरचं युनिट वेशीवर नेलं तरी तेच, म्हणजे युनिट चांगलं आहे.

वायर तेवीस-शहात्तर आहे असं दुकानदार म्हणला होता, दोन वर्षांपूर्वी घेतली. आमचे दाजी म्हणतेत अडीच एमएम टाक, पुजारी काका म्हणतेत वायरीनं आवाजाला काय होतंय, करंट आहे तो, जातोच की. वर्गणीचा पैसा आहे, चुकीचं काही घेतलं तर वर्षभर पारावर ऐकून घ्यावं लागंल. खरंच जाडीनं फरक पडतो का?

कानसेन_औसा | रविवार, रात्री ९:५०

पडतो म्हणजे काय, वायर हाच तर सिस्टीमचा आत्मा आहे. मी साध्या वायरीवरून ऑक्सिजन-फ्री कॉपरवर गेलो तेव्हा तबल्याची शाई ऐकू यायला लागली. वायरीवर बाण असतो तो स्पीकरकडं ठेवायचा आणि आधी शंभर तास वाजवून वायर मुरवायची. जाडीपेक्षा तांब्याची शुद्धता बघा.

नुसता_वाचक | रविवार, रात्री ९:५८

तबल्याची शाई दिसती हो, ऐकू कशी आली 😄

माजी_निदेशक | रविवार, रात्री १०:३०

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवायचो, आता निवृत्त. वेशीवरचा, तुमच्या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही असं उत्तर नाही. जाडीचा फरक किती पडणार ते दोन गोष्टींवर ठरतं, वायर किती लांब आहे आणि पलीकडचा लोड, म्हणजे कर्णे, किती ओहमचा आहे (करंटला जो अडथळा होतो तो विरोध, आणि ओहम हे त्याचं माप). या दोन गोष्टी माहीत नसताना जो कुणी "जाड घ्या" म्हणतो तो अंदाजानं बोलतोय.

तुमची वायर पाहू. तेवीस-शहात्तर म्हणजे २३ तारा, प्रत्येक तार ०.००७६ इंच जाडीची, म्हणजे ०.१९३ मि.मी. सगळ्या तारांचं मिळून क्षेत्रफळ साधारण ०.६७ चौरस मि.मी. (दुकानात ज्याला एमएम म्हणतात ते चौरस मि.मी. असतं, तारेची जाडी नव्हे, हे माझ्या पोरांनाही शेवटपर्यंत कळायचं नाही.) शुद्ध तांब्याच्या १ चौरस मि.मी. वायरीला मीटरमागं ०.०१७२ ओहम विरोध असतो, म्हणून तुमच्या वायरीला मीटरमागं ०.०२५७. अंतर ९० मीटर, पण करंट जातो एका तारेनं आणि परत येतो दुसरीनं, म्हणजे १८० मीटर धरायचं. गुणाकार करा, ४.६ ओहम.

वेशीवर १६-१६ ओहमची दोन युनिटं पॅरलल, म्हणजे ८ ओहम. आता ८ ओहमच्या रांगेत ४.६ ओहमची वायर बसलीय. अ‍ॅम्प्लिफायरनं सोडलेल्या व्होल्टेजपैकी ८ भागिले १२.६, म्हणजे ६३ टक्के कर्ण्याला मिळतं, बाकीचं वायर खाते. देवळावरची जोडी मात्र दोन-तीन मीटर वायरीवर आहे, तिला जवळपास पूर्ण मिळतं. म्हणून इकडं कान फाटतात आणि तिकडं घागर.

पुजारी काकांना सांगा करंट जातोच, पण वाटेत कर भरत जातो.

काळी_माती | सोमवार, सकाळी ६:४०

निदेशक सरांचं एकदम बरोबर. शेतकऱ्याला हे शिकवायची गरजच नाही, डीपीपासून विहीर ४०० मीटर असली आणि केबल बारीक टाकली की मोटार नुसती गुणगुणती, उचलत नाही. मग गावातला शहाणा म्हणतो मोटार खराब झाली, रिवाइंडिंग करा. पैसे घालून भरून आणली की पुन्हा गुणगुण. मोटार बरी असती, केबलमधी व्होल्टेज मरतंय. मी दोनदा भरलीय म्हणून सांगायलो.

तांबं_पितळ | सोमवार, सकाळी ९:०५

सरांच्या हिशोबात थोडी गडबड वाटती. ४.६ भागिले १२.६ म्हणजे ३६ टक्के. तेवढीच पॉवर वायरीत जाती, ६४ टक्के कर्ण्याला जाती. ३६ टक्के गेल्यानं एवढा फरक कानाला कळतच नाही. त्यामुळं कारण वेगळं असणार.

माजी_निदेशक | सोमवार, सकाळी ११:२०

तुमचा ३६ चा आकडा बरोबर आहे, फक्त तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. वेशीच्या फाट्याला जेवढी पॉवर जाते तिच्यातली ३६ टक्के वायरीत जळते, हे खरं. पण वायर मध्ये आल्यामुळं त्या फाट्यावरचा करंटच कमी झाला, म्हणजे जाणारी पॉवरही आधीच घटली. देवळावरच्या जोडीला जेवढी पॉवर मिळते तिच्याशी वेशीची तुलना करायची तर व्होल्टेजचा वर्ग घ्यावा लागतो, ०.६३५ चा वर्ग ०.४०. म्हणजे देवळावर १० वॅट जात असतील तर वेशीवर ४. डेसिबलमध्ये (आवाजाची पातळी मोजायचं माप, थोडक्यात डीबी) जवळपास ४ डीबीची घट.

४ डीबी कानाला स्पष्ट कळतात, पण "आवाज निम्मा झाला" असं वाटायला साधारण १० डीबी लागतात. त्यामुळं तुमची शंका मला मान्य आहे, वेशीवरचा यांनी जे वर्णन केलंय ते ४ डीबीपेक्षा वाईट वाटतंय. अजून काहीतरी खातंय. मोजल्याशिवाय बोलत नाही.

तांबं_पितळ | सोमवार, सकाळी ११:४१

मान्य. वर्ग विसरलो होतो 🙏

मंडपवाला_४४ | सोमवार, दुपारी १:१५

आमचा धंदाच हाय हा, लग्नाचा शिजन चालूय म्हनून उशिरा टाइपायलो. बाप्पा तुम्ही लोकं वायर वायर काय करता, आमी वायर लांब ठेवतच नाई. अ‍ॅम्प्लिफायर उचलायचा न् स्पीकरच्या बुडाला ठेवायचा, मिक्सरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत माइकची वायर सोडायची ती बारीक आसली तरी चालती कारन तिच्यातून करंट जातच नाई म्हना की. ५० मीटर सोडली तरी आवाज तेवढाच. फक्त ब्यालन्स वायर (आत सिग्नलच्या दोन तारा न् वरून जाळी आसती ती) पायजे न्हाईतर जनरेटरची घुर्रर्र येती. स्पीकरला मात्र आडीच एमएमच्या खाली आमी वापरत न्हाई, बासला तर न्हाईच न्हाई.

वेशीवरचा | सोमवार, दुपारी १:४०

दादा वेशीवर अ‍ॅम्प्लिफायर ठेवला तर सकाळपर्यंत राहील का हे पण सांगा 😅 तिथं लाइटपण नाही.

सेलूकर_हॉलवाला | सोमवार, संध्याकाळी ७:०८

मधेच घुसतोय, माफ करा. माझा प्रश्न घरचा आहे. हॉलमध्ये ८ ओहमचे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायरपासून ५ मीटर. दुकानात मनगटाएवढी जाड वायर दाखवली आणि म्हणाला ही नाही घेतली तर बास येणारच नाही. घेऊ का?

माजी_निदेशक | सोमवार, रात्री ८:००

नका घेऊ. ५ मीटरला जाऊन-येऊन १० मीटर. दीड एमएमची साधी तांब्याची लवचिक वायर किलोमीटरला १३.३ ओहम, म्हणजे तुमच्याकडं ०.१३ ओहम. घट ०.१४ डीबी, ती कुणाच्याही कानाला कळत नाही. वायरीचा विरोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा असा एक व्यवहारी ठोकताळा आहे, ८ ओहमला ०.४ ओहम. तुम्ही अर्धा एमएम घातली तरी कशीबशी त्या हद्दीत बसाल. ४ ओहमचे स्पीकर असते तर हद्द निम्मी, ०.२, हे लक्षात ठेवा.

कानसेन_औसा | सोमवार, रात्री ८:३५

सर, तुमचं गणित नुसतं ओहमचं आहे. संगीत म्हणजे नुसते ओहम नव्हेत. उच्च स्वर वायरीच्या कातडीवरून वाहतात, स्किन इफेक्ट म्हणतात त्याला, त्यामुळं जाड वायरीत उलट चमक मरते. आणि डॅम्पिंग फॅक्टर? बास घट्ट का सैल ते त्यावर ठरतं. आणि मी ऐकलेला फरक खोटा का?

माजी_निदेशक | सोमवार, रात्री ९:४५

तीन मुद्दे, तिन्हींना वेगळं उत्तर.

स्किन इफेक्ट खरा आहे. पण तांब्यात २० किलोहर्ट्झला करंट पृष्ठभागापासून आत जेमतेम ०.४६ मि.मी.पर्यंत दाटतो आणि ४ किलोहर्ट्झला १ मि.मी.पर्यंत. अडीच एमएमची अख्खी तार घेतली तरी तिची त्रिज्या ०.९ मि.मी. आहे. म्हणजे अगदी टोकाच्या स्वरांना विरोध थोडा वाढेल, पण मुळात तो विरोधच ०.१ ओहमच्या आत असताना त्याच्या वाढीला कोण विचारतो. जाड वायर घेतल्यानं कुठल्याच फ्रिक्वेन्सीला विरोध बारीक वायरीपेक्षा जास्त होत नाही. चमक मरत नाही.

डॅम्पिंगचा मुद्दा चांगला आहे पण दुकानदार तो अर्धाच सांगतात. डॅम्पिंग म्हणजे स्पीकरचा हलता शंकू आवरणं. शंकूला आवरायचं काम अ‍ॅम्प्लिफायर करतो ते व्हॉइस कॉइलमधून, म्हणजे शंकू हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून, आणि ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचाच विरोध साधारण ६ ओहम असतो. त्या ६ मध्ये वायरीचे ०.१ मिळवले काय किंवा ०.०५ मिळवले काय.

बारीक वायरीत एक गोष्ट मात्र खरीच बदलते, ती कुणी सांगत नाही. स्पीकरचे ८ ओहम हे नावापुरते. प्रत्यक्षात फ्रिक्वेन्सीगणिक ते ६ पासून ३० पर्यंत हलतात. मधली वायर ६ ओहमच्या जागी जास्त खाते, ३० च्या जागी कमी. त्यामुळं आवाज नुसता कमी होत नाही, त्याचा तोंडवळा बदलतो. वायर ०.४ ओहमची असेल तर हा फरक अर्ध्या डीबीचा. ४.६ ओहमची असेल तर साडेतीन डीबीच्या वर. बहुतेक वेशीवरच्या घागरीतला काही भाग हाच असावा.

तुम्ही ऐकलेला फरक खोटा असं मी म्हणत नाही. जुनी वायर काढून नवी लावताना टर्मिनलं घासली असतील, स्क्रू आवळले असतील. आणि बाणाचं म्हणाल तर स्पीकरमधला करंट सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्यानं कोणता बाण पाळायचा?

नुसता_वाचक | सोमवार, रात्री ९:५२

एकेरी वाहतूक 😂

कानसेन_औसा | सोमवार, रात्री १०:१०

हसा. या एकदा औश्याला, चहा पाजतो आणि ऐकवतो. डोळ्याला रुमाल बांधून बसायलाही तयार आहे.

माजी_निदेशक | सोमवार, रात्री १०:१४

रुमाल मी आणतो. येतोच.

काळी_माती | मंगळवार, सकाळी ६:२०

वेशीवरचा भाऊ, मोजायचं कसं ते सांगतो, मी केबलीचं असंच काढलंय. साधा मल्टिमीटर ओहमवर लावून बारीक विरोध मोजू नका, त्याच्या स्वतःच्या पिनाच अर्धा ओहम दाखवतेत. ट्रॅक्टरची बॅटरी घ्या. अ‍ॅम्प्लिफायरवरून वायर काढा, वेशीवर कर्ण्यावरून काढून दोन्ही टोकं एकमेकाला घट्ट पिळा. देवळाच्या टोकाला बॅटरी, मीटर १० अँपिअरवर, आणि हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब, हे सगळं एका रांगेत. करंट लिहून घ्या. मग वायरीच्या दोन टोकांत व्होल्ट मोजा. व्होल्टला करंटनं भागलं की विरोध. बल्ब यासाठी की कुठं शॉर्ट असलं तर मीटर जळू नये.

वेशीवरचा | मंगळवार, रात्री ८:४५

केलं. अर्धं गाव जमलं होतं, एक म्हातारी म्हनली देवळाला ट्रॅक्टरची बॅटरी कामून लावायलेत. बल्ब नुसता मिणमिण लाल झाला. करंट १.२५ अँपिअर, वायरीवर ११.५ व्होल्ट. भागाकार ९.२ आला. सरांनी तर ४.६ सांगितलं होतं, दुप्पट!! दोनदा मोजलं, तेच.

माजी_निदेशक | मंगळवार, रात्री ९:३०

आता कळलं घागर कुठून आली. ८ भागिले १७.२ म्हणजे ०.४६५, त्याचा वर्ग ०.२२. देवळाच्या तुलनेत वेशीला २२ टक्के पॉवर, साडेसहा डीबीची घट.

उन्हामुळं थोडं वाढतं. तांब्याचा विरोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो, आमचे ४.६ हे २० अंशाचे. संध्याकाळी ३० अंश धरले तर ४.८. परभणीच्या मे महिन्यात दुपारी काळी वायर उन्हात ६५ अंशापर्यंत तापली तर १८ टक्के वाढ. पण ९.२ त्यानं होत नाही. सांधे किती आहेत?

वेशीवरचा | मंगळवार, रात्री ९:४१

तीन. एक लिंबाच्या झाडावर, एक पाराजवळ, एक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. नुसते पिळून टेप मारलेत. लिंबावरचा टेप उन्हानं सुटून लोंबायलाय.

मंडपवाला_४४ | मंगळवार, रात्री ११:२०

तिथंच हाय तुमचा चोर. पिळलेला सांधा पावसाळा खाल्ला की हिरवा पडतो. ब्लेडनं चकाचक खरवडा, पिळा, डाग मारा न्हाईतर पितळी कनेक्टर घाला. न् खरवडताना तार आतून कशी दिसती ते बगा बरं. लाल हाय का पांढरी.

वेशीवरचा | गुरुवार, रात्री ९:०३

दाजींनी तीनही सांधे नवीन केले, डाग मारून. डाग नीट धरतच नव्हता म्हणून दाजी वैतागले. परत मोजलं, १.४७ अँपिअर, ११.२ व्होल्ट, म्हणजे ७.६. कमी झालं पण ४.८ काही आलं नाही.

आणि मंडपवाला दादा, तार वरून लाल आहे, ब्लेडनं खरवडली की आत पांढरी चकचकीत. हे काय असतंय?

गोदातीर_नांदेड | गुरुवार, रात्री ९:३५

ही तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे, सीसीए म्हणतात. मी शाळा-कॉलेजात पीए सिस्टीम, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून लावतात ती लाउडस्पीकरची यंत्रणा, बसवायचं काम करते, हे रोज पाहते. वजनाला हलकी लागते आणि दोन-चार वेळा वाकवली की तुटते. डाग धरत नाही तो याच्यामुळंच, मुलामा निघाला की खाली अ‍ॅल्युमिनियम. फक्त एक काळजी घ्या, कथिल चढवलेलं खरं तांबंही वरून पांढरं दिसतं. ते खरवडलं की आत लाल निघतं, तुमचं उलटं आहे.

विरोध तांब्याच्या दीडपटीच्या थोडा वर असतो. ४.८ गुणिले १.५८, ७.६. तुमचा आकडा तंतोतंत जुळला. बंडलावर कुठंतरी बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं पण आपण फक्त जाडी विचारतो.

वेशीवरचा | गुरुवार, रात्री ९:४२

म्हणजे फसवलं. बंडल तर "शुद्ध तांबं" म्हणून दिलं होतं, पावती पण नाही. दोन वर्षं आम्ही युनिटांना शिव्या घालायलोत.

तांबं_पितळ | गुरुवार, रात्री १०:००

दुकानाचं नाव इथं नको, उगं वाद. आता अडीच एमएम तांब्याचीच घ्या. घरात टाकायच्या वायरीचं बंडल ९० मीटरचंच येतं, दोन बंडलं लागतील, अंतर नेमकं बसतंय. त्याचा विरोध किलोमीटरला ७.९८, १८० मीटरला १.४४ ओहम. घट दीड डीबीच्या आत. काम फत्ते.

गोदातीर_नांदेड | गुरुवार, रात्री १०:४०

थांबा, थांबा, वर्गणीचा पैसा आहे म्हणालात ना. वायर बदलायच्या आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागं बघा. ४, ८, १६ च्या पुढं ७० आणि १०० व्होल्ट असं लिहिलेलं टर्मिनल आहे का?

वेशीवरचा | गुरुवार, रात्री १०:४८

आहे ताई. आम्हाला वाटलं ते दुसऱ्या कशाचं असंल, कधी हात लावला नाही.

गोदातीर_नांदेड | शुक्रवार, सकाळी ७:५५

ते टर्मिनल नेमकं तुमच्यासारख्यांसाठीच असतं. काळी_माती यांनी मोटारीचं उदाहरण दिलं ना, तेच पुढं नेते. वीज गावापर्यंत ११ केव्हीनं येते आणि डीपीवर उतरून ४१५ व्होल्ट होते. तीच वीज लांबून ४१५ व्होल्टनंच आणायची म्हटली तर करंट कितीतरी पट वाढला असता आणि तारा मनगटाएवढ्या लागल्या असत्या. व्होल्टेज वाढवलं की तेवढ्याच पॉवरला करंट कमी लागतो, आणि वायरीतली घट करंटवर असते.

कर्ण्याचं तसंच. ६० वॅट ८ ओहमवर पाठवायचे तर २.७ अँपिअर लागतात. १०० व्होल्टच्या लाइनवर तेच ६० वॅट ०.६ अँपिअरमध्ये जातात. मग प्रत्येक कर्ण्याशी एक छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर बसवायचा, तो व्होल्टेज उतरवून युनिटला देतो, कर्ण्याची डीपीच म्हणा. लाइनला तुमचे वेशीवरचे ६० वॅट १६७ ओहमसारखे दिसतात. त्या १६७ च्या रांगेत तुमची ती ७.६ ओहमची फसवी वायर. घट किती? ०.४ डीबी. अडीच एमएमचं नवं तांबं ८ ओहमवर टाकून दीड डीबी घट, आणि आहे त्याच वायरीवर ०.४.

ट्रान्सफॉर्मरवर १०, १५, ३० वॅट असे टॅप, म्हणजे कर्ण्यानं किती वॅट घ्यायचे ते ठरवणारी जोडणीची टोकं, असतात. सगळ्या कर्ण्यांचे टॅप मिळून अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या आत राहायला पाहिजेत, थोडं अंतर ठेवून. चार कर्णे ३० वर, १२० वॅट, तुमच्या १६० ला ठीक. सगळे पॅरलल. आणि देवळावरच्या दोघांनाही ट्रान्सफॉर्मर बसवा. काही कर्णे ४ ओहमला आणि काही १०० व्होल्टला असं एका वेळी अजिबात करायचं नाही.

मंडपवाला_४४ | शुक्रवार, दुपारी १२:३०

ताईचं बरोबर हाय पन एक सांगतो. मी पोरगा असताना ट्रान्सफार्मर न लावता सरळ कर्णा १०० वर लावला व्हता, म्हनलं आकडा मोठा तर आवाज मोठा. एक शेकंद आसा वाजला की कुत्री पळाली, मग धूर. वस्ताद मागं लागला काठी घिऊन. ८ ओहमला १०० व्होल्ट म्हंजी साडेबारा अँपिअर, हे आत्ता ह्या धाग्यावर हिशोब करून कळलं 😂

गोदातीर_नांदेड | शुक्रवार, दुपारी १:०५

कुत्री पळाली हे महत्त्वाचं 😄 आणि खरंच, १०० व्होल्ट म्हणजे झटका बसतो. उघडे सांधे, लोंबणारा टेप चालणार नाही. लिंबावरचा सांधा डबीत बंद करा. जोडाजोडी करताना अ‍ॅम्प्लिफायर बंद.

वेशीवरचा | शनिवार, सकाळी १०:२२

गंमत ऐका. देवळाच्या कपाटात कर्ण्यांचे जुने खोके होते, त्यातल्या दोनमधे ते ट्रान्सफॉर्मर प्लास्टिकच्या पिशवीत तसेच पडलेले. पुजारी काका म्हनले आम्हाला वाटलं चार्जर हाय. दोन अजून आणायला दाजी परभणीला गेलेत.

नुसता_वाचक | शनिवार, सकाळी १०:३०

नेमका कशाचा चार्जर, कर्ण्याचा? 😂😂

वेशीवरचा | सोमवार, रात्री ११:१०

लावलं. चारही ३० वर, लाइन १०० व्होल्टला. वायर तीच. वेशीवर असा खणखणीत आवाज की पाराजवळची माणसं उठून बघायला आली. वेशीकडच्या बाया खूश.

पण आता नवीनच भानगड झाली. देवळात मंडपात बसलेल्यांना महाराजांचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायलंय. आधी देवळावरचा कर्णा बोलतो, मग मागून वेशीवरचा तेच बोलतो. मृदंगाचा तर पार गोंधळ, टाळकऱ्यांचा ठेका सुटायलाय. वायर लांब असल्यामुळं आवाज उशिरा पोचतो का? दाजी म्हणतेत देवळावरच्या कर्ण्यालापण ९० मीटर वायर गुंडाळून लाव म्हणजे दोन्ही सारखे होतील.

माजी_निदेशक | मंगळवार, सकाळी ७:१५

दाजींना गुंडाळू देऊ नका 🙏

वायरीतून सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगानं जातो. ९० मीटरला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकासुद्धा वेळ लागत नाही. दोन्ही कर्णे एकाच क्षणी बोलतात. उशीर होतो तो हवेत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे वेशीवरचा आवाज देवळापर्यंत यायला पाव सेकंदाहून थोडा जास्त लागतो. हा प्रतिध्वनी आधीही होता, पण वेशीवरचा कर्णाच मेलेला असल्यामुळं तो ऐकू येत नव्हता.

गोदातीर_नांदेड | मंगळवार, सकाळी ९:००

हेच लिहायला आले होते. वेशीवरचे दोन्ही कर्णे देवळाकडं तोंड करून असतील तर फिरवा, पाठ देवळाकडं, तोंड वस्तीकडं. आणि टॅप ३० वरून १५ वर आणा, ३ डीबी कमी होईल. तिथं ऐकणारी माणसं कर्ण्यापासून वीस-तीस मीटरवर आहेत, त्यांना १५ पुष्कळ झाले. शिखरावरचेही १५ वर करून बघा, म्हातारेही शांत होतील.

काळी_माती | मंगळवार, सकाळी ९:२५

आणि रात्री १० नंतर भोंगे बंद ठेवायचे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे. सणासुदीची सूट असती पण ती सरकारनं ठरवलेल्या मोजक्या दिवसांचीच आणि रात्री १२ पर्यंतच. काकड्याला तर भोंगा नकोच, आमच्या गावात त्यावरून लई तमाशा झालाय.

वेशीवरचा | बुधवार, रात्री ९:५०

कर्णे फिरवले, चारही १५ वर. म्हणजे १६० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर ६० वॅटचाच लोड राह्यला, आणि तरी वेशीवर आधीपेक्षा चांगलं ऐकू येतंय. मंडपात दुसरा आवाज अगदी बारीक येतो, टाळकरी म्हणले चालंल. कीर्तन ७ ते ९ केलंय, काकड्याला नुसती चिपळी.

एक राह्यलं. दाजींनी मी नको म्हणायच्या आधीच चार एमएमची दोन बंडलं उचलून आणली होती, दुकानदार परत घेईना. तांबं अस्सल आहे, ब्लेडनं खरवडून बघितलं. जवळपास कुणाच्या विहिरीची मोटार गुणगुणत असली तर कळवा.

काळी_माती | बुधवार, रात्री ९:५४

भाऊ नंबर निरोपात पाठवा. उद्या सकाळीच येतो.